दुसरा हात

"ही बरी, की ही?"

"पहिली."

"आणि आता? ही, की ही?"

"दोन्ही सारख्याच."

"हं. दोन्ही सारख्या वाटायला लागल्या की आपण थांबायचं," असं म्हणून अध्यक्षबाईंनी सुनेच्या नाकावरच्या जाडजूड सांगाड्यातली काच काढली, पुसली आणि पेटीत तिच्या खाचेत ठेवून दिली. "चाळिशी लागली तुला. वयाप्रमाणे आहे, काळजीचं काही नाही. फळा दिसतो, मुलांच्या वह्या दिसत नाहीत, असंच ना?"

"असंच."

शुक्रवार होता. शुक्रवारी हे चष्म्याचं दुकान दुपारीच बंद व्हायचं. सूर्य मावळला की शब्बाथ लागायचा, आणि मग दुसऱ्या दिवशी आभाळात तारे दिसेपर्यंत ना काच घासायची, ना लेखणी उचलायची. शेजारपाजारच्या इतर धर्मांच्या लोकांनाही हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की चष्म्यावर बसायचंच असेल तर ते गुरुवारपर्यंत बसून घ्यायचे. तेव्हा शटर अर्धं खाली ओढलेलं असताना जी वाकून आत येते ती गिऱ्हाईक नव्हे, हे बाईंना कळायला तपासणीची गरज नव्हती. पण आलेल्या माणसाला आधी खुर्चीत बसवायचं ही त्यांची जुनी रीत. डोळ्यांवर काच असली की माणूस तोंडाने कमी खोटं बोलतो, असं त्यांचं मत होतं.

"आई, मी डोळे तपासायला आले नव्हते."

"ठाऊक आहे. डोळे तपासायला आलेली बाई पर्स अशी पोटाशी धरून बसत नाही."

सुनेने पर्सवरची पकड सैल केली. शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी बाई ती. उकळत्या परीक्षानळ्यांसमोर न डगमगणारी. घर सोडून दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत ती सासूला रस्त्यात भेटायची, बाजारात भेटायची, दुकानात मात्र आली नव्हती.

"घरी आले असते तर तुमच्यातल्या सासूशी बोलावं लागलं असतं," ती म्हणाली.

"आणि इथे कुणाशी बोलायचंय? इथे मी नुसती चष्मेवाली."

"अध्यक्षबाईंशी." तिने एकदा शटरकडे पाहिलं. "उद्या मी वाचन थांबवणार आहे."

बाईंच्या हातातलं फडकं काचेवर गोल गोल फिरत राहिलं. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

ही त्यांच्या ज्यू लोकांची फार जुनी चाल. शनिवारी सकाळी प्रार्थनालयातलं मोठं कपाट उघडून तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी बाहेर काढतात आणि सगळ्यांसमोर वाचतात. ज्याच्यावर अन्याय झालाय आणि ज्याचं कुणीच ऐकत नाही, त्याने उठून त्या बंद कपाटावर हात ठेवायचा. हात आहे तोवर कपाट उघडत नाही. देवाचा शब्दसुद्धा माणसाच्या तक्रारीच्या मागे रांगेत उभा राहतो. पण एकट्या हाताला किंमत नाही. प्रार्थना गाणारा एक स्तोत्र म्हणतो, आणि ते संपायच्या आत आणखी कुणीतरी येऊन शेजारी हात ठेवावा लागतो. आला, तर ऐकून घेतात. नाही आला, तर पहिला हात बाजूला करून वाचन सुरू होतं आणि त्या तक्रारीचं तोंड कायमचं बंद होतं.

बाईंच्या आईने असाच हात ठेवला होता. बाप परदेशी निघून गेला होता आणि सोडचिठ्ठी दिली नव्हती. नवऱ्याने स्वतःच्या मर्जीने तो कागद हातात ठेवल्याशिवाय बाई मोकळी होत नाही, मग तो सात समुद्रांपलीकडे का असेना. लोक अशा बाईला 'अडकलेली' म्हणत. त्या दिवशी गाणाऱ्याने स्तोत्र असं काही झपाझप म्हटलं, की घरी जेवण थंड होत होतं की काय कोण जाणे. दुसरा हात आला नाही. आई अडकलेलीच म्हातारी झाली आणि अडकलेलीच गेली. वरच्या सज्जात बसून हे पाहणाऱ्या मुलीने मग वर्षानुवर्षं एकच उद्योग केला: जिथे पहिला हात पडेल तिथे आपला दुसरा ठेवायचा. इतक्या वेळा ठेवला, की शेवटी कंटाळून पुरुषांनी तिला प्रार्थनालयाची अध्यक्षच करून टाकलं.

"कुणाविरुद्ध?" बाईंनी विचारलं. विचारावं लागतंच.

"तुमच्या मुलाविरुद्ध."

"'नवऱ्याविरुद्ध' म्हण. माझा मुलगा जरा बाजूला राहू दे."

"नवऱ्याविरुद्ध."

"उद्याच? उद्या माझ्या अध्यक्षपदाची पंचविशी साजरी करतायत. सगळं गणगोत येणार, त्याच्या मामाने हौसेने त्यालाच वाचायला उभं केलंय."

"म्हणूनच. एरवी तो प्रार्थनेला येतच नाही. तो समोर नसेल तर माझ्या हाताचा काय उपयोग?"

नियम बाईंनाच सर्वांत जास्त पाठ होता, आणि त्यातला पुढचा भागही: ही खबर शब्बाथ लागायच्या आत अध्यक्षाला द्यायची आणि अध्यक्षाने ती कुणाच्या कानावर घालायची नाही. नवऱ्याच्या नाही, घरच्यांच्या नाही.

"दुसरा हात ठरलाय?"

सून उठली. पहिल्यांदाच थोडं हसली. "ठरवून कशाला ठेवायचा? तुम्हीच सांगत आलात ना, आता तो येतोच."

ती वाकून शटरखालून बाहेर पडल्यावर बाईंनी वहीत तिचा नंबर टिपला, काच कापायला काढून ठेवली आणि दिवा मालवला.

*

मामांना भांडणाचा वास पदार्थाच्या वासाआधी येत असे. अध्यक्षबाईंचा धाकटा भाऊ, प्रार्थनालयात गाणारा माणूस. आवाज जपायचा म्हणून आयुष्यभर कुणावर ओरडला नाही आणि मग ती सवयच पडली. त्या संध्याकाळी ताईने दोन मेणबत्त्या लावल्या, तळव्यांनी डोळे झाकले आणि आशीर्वाद पुटपुटून झाला तरी हात खाली येईनात. भाचीने खाकरून पाहिलं. मामांनी मनात म्हटलं, आज काही खरं नाही.

जेवणं सुरू झाली. ताईने सूपमध्ये मीठ घातलं. थोड्या वेळाने पुन्हा घातलं.

"आई, समुद्र काढून वाढतेयस का?" धाकटी म्हणाली. ही बाईंची मुलगी; स्वतःची बेकरी चालवायची आणि जीभ भट्टीतून काढल्यासारखी गरम.

"पाणी घाल त्यात."

"हो, सगळ्यावर पाणीच घालतो आपण या घरात." मग ती भावाकडे वळली. "काय रे दंतोबा, उद्या वाचणार म्हणे. तयारी झाली का? की तिथेही लोकांना आऽऽ करायला लावणार?"

दंतोबा म्हणजे बाईंचा मुलगा. दातांचा डॉक्टर, हात हलका, स्वभाव जड. लहान मुलं त्याच्या दवाखान्यातून हसत बाहेर पडायची. घरी मात्र त्याच्याकडून एक शब्द काढायचा म्हणजे दाढ काढण्यासारखं, असं त्याची बायको म्हणायची. बायको होती तेव्हा. तशी अजूनही होतीच. हाच तर सगळा घोळ होता.

"तयारी झालीय," तो म्हणाला.

"मग दुसरीही तयारी कर. कोर्टाने घटस्फोट देऊन वर्ष होऊन गेलं. सोडचिठ्ठी कधी देतोस?"

"धाकटे," मामा म्हणाले, "उद्या आनंदाचा दिवस आहे. हे सोमवारी काढू."

"मामा, दोन वर्षं आपला सोमवारच उजाडत नाहीये."

"मी नाही म्हटलेलंच नाही," दंतोबाने काटा खाली ठेवला. "माझं म्हणणं एवढंच आहे, की तिने एकदा येऊन माझ्यासमोर बसावं. निरोप नकोत, रब्बींसारखे धर्मगुरू मध्ये नकोत. बसावं आणि म्हणावं, चूक दोघांची होती. त्या दिवशी देतो."

"दोघांची होती?" आईने विचारलं.

"मग काय माझ्या एकट्याची?"

"मी विचारतेय फक्त."

तो ब्रेडचा तुकडा कुस्करत राहिला. "थोडी माझी जास्त असेल."

"का रे," ताईने मामांकडे वळून विचारलं, "सोडचिठ्ठीत थोडी, जास्त, असं काही लिहितात का?"

"छे छे. तू आता मोकळी, कुणाशीही लग्न कर, एवढंच असतं."

"चुकांना जागाच नसते?"

"बाराच तर ओळी असतात ताई."

"दादा," धाकटी म्हणाली, "तू तुझ्या रुग्णांना काय सांगतोस? हलणारा दात जिभेने ढकलत बसू नका, काढून टाका."

"दातात आणि बायकोत फरक असतो."

"असतो ना. दाताला तू निदान भूल देतोस."

मामांना हसू आवरेना, म्हणून त्यांनी पाणी प्यायचं नाटक केलं. दंतोबा मात्र आईकडे पाहत होता. "तू बाहेर सगळ्यांची अध्यक्ष आहेस. इथे तरी माझी आई आहेस ना? की इथेही सभाच भरलीय?"

ताईचा हात टेबलावरून पुढे गेला आणि मुलाच्या मनगटावर थांबला. "उद्या," ती म्हणाली, "उद्या तुला जर..."

मेणबत्तीची वात तडतडली.

"उद्या मला जर काय?"

मामांनी बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. साठ वर्षं ओळखत होते ते हा चेहरा. आई कपाटाजवळ एकटी उभी होती त्या सकाळी सज्जातल्या मुलीचा हाच चेहरा होता. त्यांना सगळं कळलं, आणि कळलं हे न कळल्यासारखं करायला हवं, हेही कळलं.

"उद्या निळा सदरा घाल," ताई म्हणाली. "पांढऱ्यावर डाग आहे." आणि तिने हात मागे घेतला.

*

स्त्रियांनी वर सज्जात बसायचं आणि अध्यक्षाने खाली, हा नियम ज्यांनी केला त्यांच्या डोक्यात एकच माणूस दोन्ही असू शकतो हे आलं नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वी यावर पुष्कळ काथ्याकूट झाला, आणि शेवटी अध्यक्षबाईंची खुर्ची जिन्याच्या पायाशी ठेवण्यात आली. ना वर, ना खाली. तात्पुरती व्यवस्था म्हणून ठेवलेली खुर्ची तिथेच राहिली. बाईंना ती आवडायची. वरून उतरणाऱ्या प्रत्येकीचा पाय त्यांना ओळखू यायचा.

त्या शनिवारी प्रार्थनालय गच्च भरलं होतं. बाईंच्या गळ्यात कपाटाची किल्ली होती. अध्यक्षपदाची तेवढीच खूण. मामांनी सुरुवातीच्या प्रार्थना संपवल्या. निळा सदरा घातलेला मुलगा वाचनाच्या टेबलाशी गेला आणि ओळींवरून फिरवायची चांदीची दांडी, जिच्या टोकाला एवढासा हात असतो, ती त्याने उचलली.

जिना वाजला. सपाट टाचेचे बूट, मध्ये न थांबणारे. सून बाईंच्या खुर्चीला वळसा घालून गेली, भरल्या सभेतून सरळ चालत गेली आणि तिने कपाटाच्या दारावर उजवा हात ठेवला.

कुणीतरी मोठ्याने श्वास घेतला. मामांनी डोळे मिटले आणि स्तोत्र सुरू केलं.

*

वर सज्जात धाकटी कठड्याला धरून उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना, मागे, सगळीकडे बायका होत्या, आणि त्यांतल्या किती जणी तिच्या आईमुळे मोकळ्या झालेल्या, ते तिला चेहऱ्यानिशी माहीत होतं. ही शिवणकामवाली, हिचा नवरा सात वर्षं अडून बसला होता. ती मागची उंच नर्स. ती कोपऱ्यातली, जिचं नंतर लग्न झालं आणि जिच्या जुळ्यांच्या वाढदिवसाचे केक धाकटीच करायची. आता उठतील, तिला वाटलं. आत्ता.

कुणी उठलं नाही.

"अगबाई, बाईंचाच मुलगा," शिवणकामवाली कुजबुजली.

"आजच्या दिवशी? बाईंना काय वाटेल?"

"त्यांनी आपल्यासाठी एवढं केलं आणि आपण त्यांच्याच पोटच्या पोरावर..."

"नको बाई. माझ्याने नाही व्हायचं."

कृतज्ञता अशी कडीसारखी लागलेली धाकटीने कधी पाहिली नव्हती. ती चिडून वळणार होती, अगं उठा की म्हणणार होती, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की आपले स्वतःचे पायही हललेले नाहीत. जेवताना टोमणे मारणं वेगळं. खाली तो चांदीची दांडी धरून उभा होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी शाळेत ओरडा बसला की व्हायचे तसे. दादा होता तो.

मामांचं स्तोत्र अर्ध्यावर आलं. हे स्तोत्र मामा एवढं हळू कधीच म्हणत नसत. एकेक शब्द ते असा ओढत होते, जणू ओल्या दोरीने विहिरीतून बादली वर घेतायत. एका ओळीच्या शेवटी त्यांनी एवढी मोठी तान घेतली, की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने चमकून वर पाहिलं. शांतताप्रिय मामा! ते वेळ काढत होते. ते वाट पाहत होते. आणि धाकटीला दिसलं, की ते सज्जाकडे पाहत नाहीयेत. ते जिन्याच्या पायाशी पाहतायत.

*

अध्यक्षबाई जिन्याकडे कान लावून बसल्या होत्या. आता पायरी वाजेल. आता नर्सचे ते मोठे पाय येतील. आता शिवणकामवाली, जिचा एक पाय किंचित ओढतो.

जिना मुका होता.

आधी त्यांना वाटलं, घाबरल्या. मग वाटलं, विसरल्या. मग वरून तो कुजबुजण्यातला 'बाईंना' हा शब्द ऐकू आला आणि सगळं एकदम स्वच्छ दिसलं, बरोबर नंबरची काच बसली की खालची ओळ दिसते तसं. त्यांच्या आईला दुसरा हात मिळाला नाही, कारण कुणाला तिची पर्वा नव्हती. हिला मिळत नव्हता, कारण सगळ्यांना बाईंची पर्वा होती. पंचवीस वर्षं कपाटाची किल्ली गळ्यात वागवून त्या स्वतःच कुलूप होऊन बसल्या होत्या.

अध्यक्षाने दुसरा हात ठेवायचा नसतो. न्याय करणाऱ्याने बाजू घ्यायची नसते. नियम साधा आहे आणि योग्यही आहे. बाईंना तो मोडायचा नव्हता. त्यांनी गळ्यातली किल्ली काढली. केसांत अडकली, तेव्हा जरा ओढावी लागली. ती त्यांनी खुर्चीवर ठेवली, अगदी मधोमध, आणि त्या उठल्या.

*

आई उठलेली पाहून दंतोबाला वाटलं, ती आपल्याकडेच येतेय.

कालचं ते अर्धं वाक्य त्याला आठवलं. उद्या तुला जर. म्हणजे तिला माहीत होतं. माहीत होतं आणि तिने सदऱ्याच्या रंगाबद्दल सांगितलं! पण आता ती आली होती. आता ती या टेबलाशी उभी राहील, बायकोला समजावील, मग बाहेर बसून बोलू, घरात बोलू...

आई त्याच्या इतक्या जवळून गेली, की तिच्या कपड्यांना येणारा काच घासायच्या पावडरीचा वास त्याला आला. ती थांबली नाही. कपाटाशी गेली आणि सुनेच्या हाताशेजारी तिने आपला हात ठेवला.

मामांनी स्तोत्राची शेवटची ओळ एका झटक्यात संपवून टाकली.

"हिचं ऐकून घ्या," आई म्हणाली. दुसऱ्या हाताने एवढंच म्हणायचं असतं.

मग जिना वाजला. आधी धाकटी, धाडधाड, बेकरीत पिठाची पोती उतरवणारे ते पाय. तिच्यामागे नर्स. तिच्यामागे शिवणकामवाली, आणि मग कोण कोण ते मोजण्यात अर्थ नव्हता. जिना एवढ्या बायकांसाठी बांधलेलाच नव्हता. तो कण्हत, कुरकुरत राहिला आणि पडला नाही. कपाटाच्या दारावर हातांना जागा उरेना. मागच्या बायकांनी पुढच्यांच्या खांद्यांवर हात ठेवले.

"बोल बाई," मामा सुनेला म्हणाले.

ती वळली. आवाज वर्गात असतो तसा, मागच्या बाकापर्यंत जाईल असा. "कोर्टाने मला मोकळं केलंय. माझ्या देवासमोर मी अजून याची बायको आहे. मला दुसरं लग्न करायचंय म्हणून मी हे करत नाहीये. कुणी नाहीये माझ्या आयुष्यात, आणि असता तरी तुम्हाला सांगितलं नसतं."

बायकांत खसखस पिकली. पुरुषांतही, पण दबून.

"हा वाईट माणूस नाही," ती पुढे म्हणाली. "वाईट असता तर मी एवढी वाट पाहिली नसती. पण माझं दार उघडायची कडी याच्या हातात आहे आणि हा म्हणतो, आधी येऊन माझ्याशी बोल. मी दहा वर्षं बोलले. माझं बोलणं संपलंय. मला माझी सोडचिठ्ठी हवी."

मामांनी भाच्याकडे पाहिलं. रागाने नाही, मामांना रागाने पाहता यायचंच नाही. "काय म्हणतोस?"

दंतोबाने चांदीची दांडी टेबलावर ठेवली. ती नीट ठेवायला त्याला जरा वेळ लागला. सगळे हात अजून कपाटावर होते. त्यांत त्याने आईचा शोधला. ओळखायला सोपा होता, अंगठ्याजवळ काचेने कापल्याची जुनी खूण होती.

"सोमवारी," तो म्हणाला.

"सोमवारी काय?"

"रब्बींना सांगा, सोमवारी लिहायला घ्या."

एकेक हात खाली आला. कपाट उघडायला किल्ली हवी होती आणि किल्ली खुर्चीवर होती. बाई तिच्याकडे गेल्या नाहीत. जिना चढून वर सज्जात गेल्या आणि शिवणकामवालीने सरकून करून दिलेल्या जागेत बसल्या. किल्ली शेवटी मामांनी उचलली, आणि त्या दिवशीचं वाचन दंतोबाने केलं. आवाज दोनदा फाटला. पण चुकला कुठेच नाही.

*

सोमवारी सकाळी बाई कुणाला बोलवायला गेल्या नाहीत, कुणाला फोन केला नाही. दुकान उघडलं, एक तयार चष्मा पर्समध्ये टाकला, दुकान पुन्हा बंद केलं आणि रब्बींच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. त्या आपल्यासाठी बसल्यात की तिच्यासाठी, हे विचारायचं दंतोबाला धाडस झालं नाही. तो आत गेला.

आत रब्बी होते, त्यांचे दोन सहकारी, पिसाची लेखणी घेतलेला लेखनिक, आणि खिडकीपाशी ती.

"हा कागद तू तुझ्या मर्जीने देतोयस?" रब्बींनी विचारलं. "कुणी जबरदस्ती केलेली नाही?"

"केली की. सगळ्यांनी."

लेखनिकाची लेखणी हवेतच थांबली. खिडकीपाशी तिचा चेहरा पांढरा पडला. रब्बींनी हळूच चष्मा काढला. "मग मला हे लिहून घेता येणार नाही, बाळा. जबरदस्तीचा कागद म्हणजे कोरा कागद."

दंतोबा आपल्या हातांकडे पाहत होता. हेच हात रोज लोकांच्या तोंडात जातात, आणि दुखू नये म्हणून किती जपतात. तिच्यासमोर त्यांना नुसतं उघडायचं होतं. दोन वर्षं.

"थांबा," तो म्हणाला. "नीट सांगतो. शनिवारी सगळ्यांनी मिळून मला उभं केलं, ते खरं. पण आज मला आणायला कुणी आलं नव्हतं. आईसुद्धा नाही. मी वाट पाहिली, कुणीतरी येईल म्हणून. मग दवाखान्याला कुलूप लावलं आणि एकटा चालत आलो. हे माझं मी आलोय." तो खिडकीकडे वळला. "आणि चूक... थोडी माझी जास्त होती. हे लिहायला जागा नसते म्हणे. म्हणून बोलून टाकतो."

तिने पिळत धरलेला पर्सचा पट्टा सोडला.

रब्बींनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी उत्तर एका शब्दाचं होतं. लेखनिक लिहू लागला.

*

बाहेर बाकावर बाईंना लेखणीची कुरकुर ऐकू येत नव्हती, पण त्या ऐकत होत्या. मामा आले, घाम पुसत शेजारी बसले आणि रुमालात बांधलेली किल्ली त्यांनी पुढे केली.

"सगळे म्हणतायत, परत घे. तू काही नियम मोडला नाहीस."

"मोडला नाही म्हणूनच घेणार नाही. खुर्चीवर ठेवलेली किल्ली पुन्हा गळ्यात घालायची नसते. त्या नर्सला दे. जिन्यावरून कोण येतंय ते तिला बसल्या जागी नाही कळणार, पण पाय मोठे आहेत, उठायला वेळ लावणार नाही ती."

"शनिवारी लावला की."

"एकदा लावला ना? आता जन्मात लावायची नाही."

दार उघडलं. आधी सून बाहेर आली. घडी केलेला कागद तिने नियमाप्रमाणे काखेत धरला होता. आपला आहे, आपण घेऊन चाललोय, हे दिसायला तो घेऊन थोडं चालावं लागतं. ती बाकासमोरून चालत बोळाच्या टोकापर्यंत गेली. तिथून रस्त्याचं दार दोन पावलांवर होतं. क्षणभर वाटलं, ती तशीच निघून जाणार. ती वळली आणि परत आली.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं." ती समोर उभी राहिली. कागद अजून काखेतच होता. "आता तुम्हाला काय म्हणायचं? सासूबाई राहिला नाहीत. अध्यक्षबाईही नाही म्हणे."

बाईंनी पर्समधून चष्मा काढला, पदराच्या टोकाने पुसला आणि उठून तिच्या नाकावर बसवला. डावी दांडी कानामागे जरा सैल होती. त्यांनी ती काढून अंगठ्याने दाबली, वाकवली, पुन्हा बसवली, आणि एक पाऊल मागे सरून पाहिलं.

"चष्मेवाली म्हण," त्या म्हणाल्या. "तेवढीच पदवी अशी आहे, जी कुणी दिलेली नाही. हं, आता तो कागद काढ आणि सांग मला, शेवटची ओळ वाचता येतेय का?"

तिने कागद उघडला, जवळ धरला, आणि वाचून दाखवली.